पशुसल्ला : घोड्याच्या पायाला पट्टी बांधताना आधी गादी, मग पट्टी



दत्तजयंती जवळ आली. आपले बरेच सभासद सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जनावर नेतात, कोणी विकायला, कोणी नुसतं दाखवायला. लग्नसराईच्या घोड्या आहेत त्या वेगळ्याच. गेल्या काही दिवसांत या नंबरवर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय, "रात्री पायाला क्रेप पट्टी बांधून ठेवली तर चालेल का?" म्हणून आजचा सल्ला त्यावरच. जरा लांब आहे. संध्याकाळी चंदी-पाणी झालं की निवांत वाचा.

उत्तर आधीच सांगून टाकतो. चालेल, पण पट्टीखाली जाड गादी हवी. गादी नसेल तर पट्टी बांधूच नका. गादीशिवाय बांधलेल्या पट्टीपेक्षा उघडा पाय कितीतरी बरा.

मागच्या हंगामातली गोष्ट, सभासदाला विचारून पण नाव न घेता सांगतोय. चार वर्षांची चांगली घोडी. पिकअपमधून बाजारात उतरवली तर मागचे पाय थोडे भरलेले दिसले. गिऱ्हाईक सकाळी येणार होतं. गडबडीत मेडिकलमधून दोन क्रेप पट्ट्या आणल्या, थेट कातडीवर ताणून बांधल्या आणि रात्रभर ठेवल्या. सकाळी सोडल्या तर पट्टीच्या वरच्या बाजूला सूज, खाली कातडीवर आडव्या वळ्या, आणि एका पायाला नळीच्या मागे मधोमध लिंबाएवढा उंचवटा. गिऱ्हाइकानं मागून हात फिरवला, "नस गेलीय" म्हणाला आणि पुढच्या दावणीला गेला. नस गेलेली नव्हती, नंतर डॉक्टरांनी सोनोग्राफी करून तसं सांगितलं. पण घोडी परत घरी आली. ज्या जागी वळ्या पडल्या तिथले केस गळले आणि नवीन आले ते पांढरे. ते आजही दिसतात.

*असं का होतं?*

आपल्या पोटरीला मांस आहे. घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली आणि मागच्या पायाला टोकदार सांध्याखाली मांस नाहीच. पुढे नळीचं हाड, मागे दोन जाड दोऱ्यांसारख्या कंडरा (आपण त्यांना नस म्हणतो) आणि वर पातळ कातडी. बास, एवढंच. नळीवरून बोट फिरवून बघा, मागची नस बोटाला सरळ लागते. तिथे दाब पडला तर तो झेलायला मधे काहीच नाही. त्या भागाला रक्तपुरवठाही मुळात कमी, म्हणून तिथली इजा भरायला फार वेळ लागतो.

आता दाबाचं गणित. रुंद पट्टा हाताला बांधला तर काही वाटत नाही. त्याच ताकदीनं सुतळी बांधली तर ती रुतते. पट्टीचं तसंच आहे. पट्टी सपाट बसली तर दाब सगळीकडे वाटला जातो. तिला एक चुणी पडली, एक पीळ बसला, की तेवढ्या जागी ती सुतळी होते. गादीचं काम हा दाब पसरवायचं. पट्टी फक्त गादीला जागेवर धरून ठेवते. आपल्याकडे उलटा समज आहे, की पट्टी जितकी घट्ट तितका पायाला आधार जास्त. तो समज डोक्यातून काढा. घोड्याचं वजन पेलण्याएवढा आधार कुठलीच कापडी पट्टी देत नाही.

*मग बांधायची कशाला?*

उपयोग आहे, पण मोजक्या वेळी. घोडा हिंडताना दर पावलाला खूर जमिनीवर दाबला जातो आणि त्यानं खालचं रक्त नि पाणी वर ढकललं जातं. दिवसभर दावणीला उभा राहिला की हे काम मंदावतं आणि पाय भरतात, मागचे जास्त. अशा भरलेल्या पायाला खूण असते: दोन्ही पाय सारखे भरतात, हात लावला तर गरम नसतात, दाबलं तर घोडा पाय काढून घेत नाही, आणि अर्धा तास चालवलं की उतरतात. अशा वेळी रात्रीची गादी-पट्टी कामाची. मेहनत झाल्यावर, थंडीत पायाला ऊब म्हणून, किंवा डॉक्टरांनी जखमेवर ड्रेसिंग केलं असेल तर ते धरून ठेवायलाही ती लागते. एक पाय दुखावला असेल तर समोरच्या चांगल्या पायावर सगळा भार येतो, म्हणून डॉक्टर त्या चांगल्या पायालाही पट्टी बांधायला सांगतात.

पण एकच पाय सुजलाय, गरम आहे, घोडा लंगडतोय, तर पट्टी बांधून सकाळची वाट बघू नका. कारण कळेपर्यंत थंड पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं धरा, घोड्याला हलवू नका आणि डॉक्टरांना बोलवा. सोबत ताप बघा. निरोगी घोड्याचा ताप साधारण ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट असतो. त्याच्या वर असेल आणि पाय खांबासारखा झाला असेल तर आत संसर्ग आहे, ते पट्टीनं दबत नाही. साप चावल्याचा संशय असेल तर पट्टीला हातच लावू नका.

अजून एक, आणि हे माणसाच्या जिवाचं आहे. पायावर ओळीनं गाठी आल्यात, त्या फुटून तेलकट चिकट पू येतोय, नाकातून पिवळा शेंबूड आहे, असं दिसलं तर पट्टी सोडा, हात लावूच नका. ग्लँडर्स असू शकतो. तो माणसाला होतो आणि सरकारला कळवावाच लागतो. जनावर वेगळं बांधा आणि लगेच दवाखान्यात सांगा. बाजारात न्यायच्या आधी ग्लँडर्सची रक्ततपासणी करून घेणं म्हणूनच महत्त्वाचं.

*सामान काय लागतं?*

गादी आधी. तयार रजईसारखी पॅडं मिळतात, शहरात घोड्याचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाईन. महाग वाटली तर घरी करा. मेडिकलमधला कापसाचा मोठा रोल घ्या, त्याचा सपाट थर पसरा, दोन्ही बाजूंनी जाळीचं कापड (गॉज) किंवा धुतलेली मलमल लावा. न दाबता जाडी निदान एक इंच भरली पाहिजे. उंची मोजायला दोरी धरा: गुडघ्याच्या बोटभर खालून ते खुराच्या वरचा घोटा झाकेपर्यंत. मागच्या पायाची नळी लांब असते, म्हणून मागची गादी वेगळी कापा. लांबी एवढी, की पायाभोवती दीड ते दोन वेढे बसतील.

जुनी गोधडी वापरू का, असं दोघा-तिघांनी विचारलं. कापड चांगलं मऊ असतं, पण गोधडीच्या कडा जाड आणि टाके उठलेले. त्याच कडा नसेवर रुततात. वापरायचीच असेल तर कडा कापून टाका आणि वरून कापसाचा थर घ्या. गादीवाल्याकडचा स्पंज नको. तो एका जागी चेपतो आणि आत घाम साचतो.

पट्टी चार-पाच इंच रुंद आणि तीन ते साडेतीन मीटर लांब हवी. फ्लॅनेल किंवा जाड होजिअरीचं कापड उत्तम, ते फार ताणत नाही. मेडिकलची क्रेप पट्टी वापरायचीच असेल तर फक्त जाड गादीवर, आणि ती पूर्ण ताणून कधीच नाही. गुंडाळीतून सुटेल तेवढीच, हलक्या हातानं. खेचलेली क्रेप रात्रभर आकसत राहते, तुम्ही झोपलेले असता आणि ती काम करत असते.

सायकलची ट्यूब, सुतळी, नायलॉनची दोरी, पॅकिंगची चिकटपट्टी, यातलं काही पायाला गुंडाळलेलं दिसलं की आम्हाला खरंच राग येतो. हे कुठल्याही कारणानं नको.

*बांधायची रीत*

पाय आधी खरारा करून, पुसून, कोरडा करा. मातीचा एक खडा किंवा गवताचं एक कुसळ आत राहिलं तर सकाळपर्यंत जखम करतं. हात फिरवून बघा: जखम, ओल, गरमपणा, जुन्या पायाच्या आणि आजच्या पायात फरक. हे बघणं रोज होतं, हा पट्टीचा एक छुपा फायदाच म्हणा.

घोड्याला मोरखीनं बांधा, पण गाठ एका ओढीत सुटणारी. अनोळखी जनावर असेल तर दुसरा माणूस तोंडाशी उभा करा. तुम्ही पायाच्या बाजूला उकिडवे बसा. जमिनीवर मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसू नका, उठायला वेळ लागतो. मागच्या पायाला बांधताना थेट मागे जाऊ नका, खांद्याकडून हात फिरवत मागे या, म्हणजे तुम्ही कुठे आहात ते त्याला कळतं.

गादीची कड नसेवर येऊ देऊ नका. कड नळीच्या आतल्या बाजूला, हाड आणि नस यांच्या मधल्या खोबणीत ठेवा. तिथून गादी पुढून बाहेर, बाहेरून मागे, मागून आत, अशी फिरवा. हीच दिशा चारही पायांना. डाव्या पायाला ती वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट जाते आणि उजव्या पायाला घड्याळासारखी. पाठ करायचं एवढंच: पुढून बाहेर, बाहेरून मागे, मागून आत. गादीवर चुणी राहिली तर ती काढून परत गुंडाळा. वर पट्टी आली की चुणी दिसत नाही, पण घोड्याला लागते.

पट्टी आधीच घट्ट गुंडाळून ठेवलेली असावी. बांधताना सैल गुंडाळी हातात आली की ती जमिनीवर पडते, घोडा बुजतो आणि सगळं परत पहिल्यापासून. पट्टीचं टोक गादीच्या कडेखाली थोडं खोचा आणि नळीच्या मध्यावर सुरुवात करा. गादी ज्या दिशेनं गेली त्याच दिशेनं पट्टी गेली पाहिजे, नाहीतर पट्टी गादीला उलगडते आणि गोळा करते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल असा घ्या. खाली घोट्याखालून एक वेढा, मग परत वर, गुडघ्याच्या खालपर्यंत, आणि शेवट मध्यावर.

ताण द्यायचा तो पुढच्या हाडावरून. पट्टी पुढून जाताना हलकीशी ओढा. मागून, म्हणजे नसेवरून जाताना, नुसती टेकवत न्या. ज्यांना फेटा बांधता येतो त्यांना हे लवकर जमतं. प्रत्येक वेढ्याला सारखा हात, मधे कुठे सैल नि कुठे खेचलेला नाही. फरक एवढाच, की फेट्यात पीळ शोभतो, इथे एकही पीळ नको.

वर आणि खाली गादी अर्धा इंच तरी पट्टीच्या बाहेर दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पट्टीची कड थेट कातडीवर आहे. शेवट बाहेरच्या बाजूला बांधा. चिकटणारा वेल्क्रो असेल तर तो पट्टी आहे त्यापेक्षा घट्ट ओढू नका. नाडी असेल तर गाठ बाहेरच्या कडेला घ्या, हाडावर किंवा नसेवर नको. टाचणी नको.

आता पारख. वरच्या कडेतून गादी आणि पाय यांच्या मधे एक बोट घाला. बोट जरा दाबून जायला हवं. जातच नसेल तर घट्ट आहे. दोन-तीन बोटं सहज जात असतील तर सैल आहे, रात्रीत घसरून घोट्यावर गोळा होईल. घसरलेली पट्टी घट्टपेक्षा कमी वाईट नाही. ती एका जागी कडं करते आणि दुसऱ्या पायाच्या खुराखाली आली तर घोडा तोंडावर पडू शकतो.

समोरासमोरच्या दोन्ही पायांना बांधा, पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही. पहिल्यांदा बांधताय तर घोडा पाय उंच उचलून कोंबडीसारखा चालेल. हसू येईल, पण घाबरू नका. दोन-चार मिनिटं पागेतच चालवा, शांत झाला की मग बांधून जा. आणि पहिल्या रात्री तासाभरानं एकदा बघून या.

*किती वेळ?*

बारा तासांच्या वर नाही. रात्री आठला बांधली तर सकाळी आठच्या आत सोडा, पायावर तळहातानं खालून वर चोळा, दोन-चार तास पाय उघडा ठेवा. परत बांधायची असेल तर कोरडी गादी घेऊन नव्यानं बांधा. कालची पट्टी वरून थोडी आवळली, असा शॉर्टकट नको. जखमेच्या ड्रेसिंगची वेळ डॉक्टर सांगतील ती.

उन्हाळ्यात आपल्याकडे दिवसा पट्टी बांधण्यात काही अर्थ नाही. आत घाम, वर माश्या. पावसात किंवा धुतल्यावर ओली झालेली पट्टी लगेच सोडा. भिजलेलं सुती कापड पायावरच वाळलं तर आकसून घट्ट होतं, आणि ओल्या कातडीवर खपल्या धरतात. पागेतली पट्टी घालून घोडा पळवायचा नाही, सवारीला नाही, बैलगाड्याच्या घाटात तर मुळीच नाही. ती उभ्या घोड्याची पट्टी आहे.

सोडल्यावर काय बघायचं? पट्टीच्या वर किंवा खाली सूज, केसांत आडव्या रेषा, नसेवर मऊ उंचवटा, दाबलं तर दुखणं, कातडी ओली किंवा थंड पडलेली. रात्री घोडा पट्टी चावतोय, पाय आपटतोय, तर त्याला खोड लागलीय असं समजू नका. आधी पट्टी सोडून बघा. नव्वद टक्के भांडण तिथेच मिटतं (हा आकडा आमच्या अनुभवाचा, पुस्तकातला नाही).

*पट्टीखाली काय लावायचं?*

डॉक्टरांनी दिलेलं सोडून काही नाही. बिबा, रॉकेल, चुना, तिखट मलम, मालिशचं कडक तेल, यांपैकी काहीही पट्टीखाली गेलं की कातडी भाजते. उघड्यावर जे औषध नुसतं चुरचुरतं ते झाकलं की फोड आणतं. जुनी माणसं डागायची, बिबा घालायची, त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं. आता आहे.

जखम असेल तर, ती कितीही छोटी असो, धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण डॉक्टरांना करून द्या. घोड्याला धनुर्वात फार सहज होतो आणि झाला की वाचणं अवघड. खिळा लागला, तार लागली, वर पट्टी बांधली आणि विसरलं, यातच जनावर गेलेलं आम्ही बघितलंय. गुडघ्याच्या किंवा मागच्या टोकदार सांध्याच्या वरची पट्टी घरी बांधू नका. तिथे उठलेल्या हाडांवर दाबाच्या जखमा फार लवकर होतात, ते काम डॉक्टरांचं.

*गाडीतून नेताना*

पिकअपमध्ये घोडा स्वतःच्याच खुरानं स्वतःचा पाय फोडतो. म्हणून प्रवासात गादी खाली खुराच्या केसाळ कडेपर्यंत आणि मागे टाचेच्या गादीपर्यंत यायला हवी. नेहमीच्या रात्रीच्या पट्टीएवढी आखूड चालत नाही. निघायच्या आठ दिवस आधीपासून घरी बांधून सवय करा, गाडीत पहिल्यांदा नको. तीन-चार तासांनी थांबाल तेव्हा पाणी पाजताना पट्ट्यांवर हात फिरवा. पोचलात की आधी पट्ट्या सोडा, मग चंदी. मागचे पाय थोडे भरलेले असतील तर लगेच परत बांधू नका, अर्धा तास हातानं चालवा. बऱ्याच वेळा तेवढ्यानंच उतरतात. गेल्या वर्षी त्या घोडीला एवढंच केलं असतं तर पुरलं असतं.

बांधून झाल्यावर शंका वाटली तर फोटो पाठवा. दोन फोटो हवेत: एक बाजूनं, पूर्ण पाय दिसेल असा, आणि एक पट्टी सोडल्यानंतरचा, मागून, नळीवर उजेड पडेल असा. सोबत बांधल्याची वेळ आणि सोडल्याची वेळ लिहा. लंगडणं, ताप किंवा उघडी जखम असेल तर फोटोत वेळ घालवू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ वर फोन करा. गादी घरी कशी शिवायची त्याचा व्हिडिओ उद्या सकाळी याच नंबरवरून येईल, त्याआधी कापसाचा रोल आणि दोन मीटर मलमल आणून ठेवा.